व्हर्नासाठी भरलेली काडतुसं

माझ्या मेव्हण्याइतका कटकट्या माणूस आमच्या अख्ख्या खोऱ्यात सापडायचा नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगत आलोय. लेलँड त्याचं नाव. जन्मभर लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावली आणि निवृत्त झाल्यावर गॅरेजात टेबल मांडून काडतुसं भरत बसला. दुकानातली काडतुसं साहेबांना चालत नाहीत! आमच्याकडे मोंटानात हे वेड बऱ्याच जणांना असतं. मीही भरतो, पण माझी उडाली म्हणजे झालं. लेलँडचं तसं नाही. पितळेची पुंगळी लख्ख करायची, दारू दाण्यादाण्यानं तोलायची, आणि मग गोळी पुंगळीत किती खोल बसवायची यावर अख्खी दुपार घालवायची.

त्याची बायको व्हर्ना म्हणजे माझी धाकटी बहीण. शाळेची बस चालवायची आणि बसमधल्या पोरांपेक्षा मोठ्यानं हसायची. तिच्या रायफलची काडतुसं ओळखू यावीत म्हणून लेलँड त्यांच्या बुडाला तिचंच लाल नेलपॉलिश लावायचा.

"माझ्या नखांपेक्षा त्या पितळेचेच जास्त लाड होतात," ती म्हणायची. "हिशेब लावला तर बाटल्यांचे पैसे मागेन हं!"

त्या उन्हाळ्यात तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. नाताळ दिसला तर नशीब, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि त्याच आठवड्यात टपालानं शिकारीचा परवाना आला, वरच्या डोंगरातल्या एल्कचा, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या मोठ्या नराचा. त्याची सोडत निघते. लोकांची उभी हयात अर्ज करण्यात जाते आणि नंबर लागत नाही. व्हर्नाचा लागला.

"बघ क्लेम," ती मला म्हणाली, "देवाला वेळेचं भान नाही, पण विनोद कळतो त्याला." मग हसू आवरून म्हणाली, "मला आता दुसरं काही नको. तो एक नर मिळू दे."

तेवढं ऐकलं आणि लेलँड गॅरेजात शिरला. दुखणं त्याच्या हातातलं नव्हतं. काडतूस हातातलं होतं. तिचा खांदा वाळला होता, हात थरथरायला लागले होते, तेव्हा निदान काडतुसात तरी खोट राहायला नको असं त्यानं घेतलं डोक्यात. गोळी पुंगळीत थोडी वर ठेवायची, म्हणजे ती नळीत आतून कोरलेल्या आट्यांच्या जवळ जाते आणि नेम घट्ट होतो. त्यानं ती थोडी वर ठेवली. मग आणखी थोडी. शेवटी इतकी, की गोळीचं नाक आट्यांना टेकायला लागलं. माळावर त्यानं मला तीन बार काढून दाखवले. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली.

मी त्यातलं एक काडतूस रायफलच्या पोटातल्या कप्प्यात, मॅगझिनमध्ये, घालायला गेलो, तर ते पुढच्या भिंतीला अडलं.

"अरे गाढवा, हे मावतच नाही!"

"मावायचं कशाला? एकेक हातानं थेट नळीत सारायचं."

"आणि दुसरा बार लागला तर?"

"व्हर्नाला कधी दुसरा लागलाय?"

ते खरं होतं. पण ती व्हर्ना वेगळी होती. तीही त्याला म्हणाली, माझ्यासमोर म्हणाली, "लेलँड, मला माझी जुनीच दे ना. चार बसतात आत. बरं वाटतं रे."

त्याचा चेहरा पडला. महिनाभर तो माणूस त्या गॅरेजात झोपला नव्हता तेवढंच. व्हर्नानं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं बाबा, तुझी नवी. एक तर एक."

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही तिघं वर गेलो. पिकअप रस्ता संपतो तिथं ठेवली. परवाना तिचा एकटीचा, म्हणून रायफल एकच. माझ्याकडे थर्मास, तिच्या औषधाच्या गोळ्यांची पिशवी आणि तिला बसायला घडीचं स्टूल. बर्फ घोट्याएवढं होतं. दहा पावलं चालायची, बसायची. लेलँड तिला जवळजवळ उचलूनच नेत होता आणि ती त्याला म्हणत होती, "लग्नाच्या दिवशी उंबऱ्यावरून नाही उचललंस, आता सुचतंय होय!" उजाडलं तसं तिनं त्याचं ते लांब काडतूस नळीत सारून मागचा दांडा, बोल्ट, बंद केला.

वाटेत तारेचं कुंपण लागलं. आता आमच्या घरात एक रीत आहे. भरलेली रायफल घेऊन तार ओलांडायची नाही. आमच्या काकाचा त्यात जीव गेला होता, आणि बापानं ती रीत आमच्या हाडात घातली होती. लेलँड पुढं होऊन वरची तार हातानं आणि खालची बुटानं ताणून तिला वाट करत होता. व्हर्ना थांबली आणि सवयीनं काडतूस काढायला बोल्टला हात घातला.

"व्हर्ना, नको!" तो ओरडला.

तोवर तिनं बोल्ट मागं ओढला होता. पुंगळी एकटीच बाहेर आली. गोळी आट्यांत रुतून आतच राहिली आणि काळी दारू भुरूभुरू रायफलीच्या पोटात सांडली. गच्च बुजलेली नळी. तिच्यात दुसरं काडतूस घालून बार काढणं म्हणजे स्वतःच्या तोंडावर स्फोट करणं. ठोकून काढायची सळई होती कुठं? खाली, पिकअपमध्ये.

लेलँड तारा सोडून वळला. धावत सुटला. गुडघे गेलेला माणूस, दोनदा पडला.

आणि मग तो नर आला. कुंपणापलीकडच्या झाडीतून, सावकाश, कुणाचं काही देणं नसल्यासारखा. शिंगं अशी की मान कशी पेलते कळेना. आमच्या मागच्या फाटकापासून घर जेवढं लांब आहे, तेवढाही लांब नव्हता. उभा राहिला. चरला. व्हर्ना मेलेली रायफल मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. मला रडू फुटत होतं, संताप येत होता, त्या लेलँडचा गळा धरावासा वाटत होता.

"काय देखणा आहे रे," ती कुजबुजली. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

लेलँड धापा टाकत सळई घेऊन आला, तेव्हा पलीकडे नुसतं बर्फ होतं.

"येऊन गेला एक," व्हर्ना म्हणाली. "पण फार लांब होता. माझ्याच्यानं काही झालं नसतं." मी थर्मासचं झाकण लावत बसलो.

त्यानंतर परत वर जायची ताकद तिच्यात आलीच नाही. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की शिजली, कुणी खाल्ली नाही. पुढच्या रविवारी ती गेली.

मार्चमध्ये लेलँडनं मला तिचे कपडे चर्चला द्यायला बोलावलं. शिकारीचं नारिंगी जॅकेट मी घडी करत होतो, तर खिशात काहीतरी खुळखुळलं. काढलं. चार काडतुसं. जुनी, आखूड, बुडाला लाल टिपका. ती घेऊनच आली होती डोंगरावर. खिशात हाताशी होती, आणि सकाळी तिनं त्याचं लांब काडतूसच निवडलं.

लेलँडनं ती माझ्या हातातून घेतली. रायफल काढली आणि एकेक करून मॅगझिनमध्ये दाबली. चारही गेली, जराही न अडता.

"क्लेम, किती लांब होता तो?"

"फार लांब," मी म्हणालो. "तिनं सांगितलं ना."

"दुसऱ्या दिवशी मी तिचं विसरलेलं स्टूल आणायला वर गेलो होतो," तो म्हणाला. "खुरांचे ठसे पाहिले मी."

त्यानं चारही काडतुसं बाहेर काढली आणि परत तिच्या जॅकेटच्या खिशात ठेवली. "हे मात्र नको देऊस त्यांना," एवढं म्हणून ते त्यानं खुंटीला अडकवलं.