नटाखाली राहिलेला रंग

कारध्याच्या उर्वशीच्या हातात रंगाची गन आली ती वयाच्या तेराव्या वर्षी. तिचे वडील इश्वर पवनीकडच्या एका गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचे. त्यांचा हात दुखायला लागला की पोरगी म्हणायची, "बाबा, द्या इकडे," आणि उरलेली फळी रंगवून टाकायची. लग्न होऊन कारध्याला आली आणि हे सगळं मागे पडलं. पुढची दहा वर्षं रंग म्हणजे दिवाळीला भिंतीला लागणारा चुना, एवढंच.

तिचा नवरा भुपेंद्र स्वतःची जुनी गाडी भाड्याने चालवतो. एका लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "गाडी बरी आहे, चाकं मात्र भंगारातली दिसतात." भुपेंद्र घरी येऊन जेवला नाही. दुसऱ्या दिवशी उर्वशीने माहेरी फोन केला, वडिलांचा जुना कॉम्प्रेसर मागवून घेतला आणि अंगणातल्या टिनाच्या छपराखाली त्या गाडीची चाकं काढायला लावली. गंज घासला, खड्डे पुट्टीने भरले, प्रायमर दिला, चांदी रंगाचे दोन हात दिले. भुपेंद्रच्या सोबतचे गाडीवाले विचारू लागले. मग भंडाऱ्याहून लोक यायला लागले, अलॉयची चाकं घेऊन, फुटपाथला घासून कडा खरवडलेली.

काम करताना ती स्वतःच्या जिवाला फार त्रास करून घ्यायची. टायरवर रंग उडू नये म्हणून टायर आणि रिमच्या फटीत खेळायचे जुने पत्ते खोचायची. एका चाकाला जवळजवळ सगळा कॅट लागायचा. रंग ओला असताना एखादं चिलट येऊन बसलं तर सगळं घासून पुन्हा सुरू करायची. सासू कुंताबाई ओट्यावरून बघत म्हणायची, "चाक रंगवून राहिली का लेकराले न्हाऊ घालून राहिली?"

आणि नटांची भोकं. वडिलांनी ट्रॉलीच्या वेळेसच बजावून ठेवलं होतं की नट उघड्या धातूवर बसला पाहिजे, रंगावर नाही. मध्ये रंगाचा थर राहिला तर चाक फिरून तापतं, थर दबतो आणि घट्ट केलेला नट आपोआप ढिला पडतो. म्हणून तिने सुताराकडून निमुळती लाकडी बुचं करून घेतली होती. रंग मारण्याआधी प्रत्येक भोकात एक बूच. काम झालं की ती तारेत ओवून खिळ्याला टांगायची.

नोव्हेंबरच्या शेवटी भंडाऱ्याचे सचिन सर आले. शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या बायकोने, खुशबूने, व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्यातरी गाडीचा फोटो पाठवला होता, काळपट राखाडी चाकांचा. तसाच रंग हवा. शनिवारी लाखांदूरला मामेभावाचं लग्न, त्याआधी गाडी हवी. सरांची गाडी चार दिवस छपराखाली ठोकळ्यांवर उभी राहिली.

तो आठवडा वाईट होता. शेजारच्या खळ्यावर धानाची मळणी सुरू होती. दुपारी मशीन लागलं की भुसा हवेत उडायचा आणि रंगाचं काम बंद. सकाळी काम करावं तर विजेची लाइन नसायची. गुरुवारी अकराच्या सुमाराला अचानक लाइन आली. मशीन लागायला जेमतेम तास होता. उर्वशी भाजी चुलीवर सोडून धावली आणि चारही चाकांवर रंग आणि वरचा चकाकीचा हात, सगळं एका दमात उरकलं. एकही चिलट बसलं नाही. तिला स्वतःलाच नवल वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी भुपेंद्रने चाकं बसवली. शनिवारी सकाळी सर आले, चाकांवरून हात फिरवला, "ताई, नवीनच घेतल्यासारखी दिसतात," म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. घरून आई, बायको आणि एक वर्षाच्या मुलीला घेऊन तसेच लाखांदूरला निघणार होते.

साडेनऊला उर्वशी छपराखाली झाडू मारत होती. खिळ्याला टांगलेली बुचांची तार झाडूच्या दांड्याला लागून खाली पडली. तिने उचलली आणि हातात धरून उभी राहिली. आधीच्या कामांचे थर बुचांवर होते, चांदी, पांढरा, सोनेरी. काळपट राखाडी एकाही बुचावर नव्हता.

तिने पुन्हा एकेक बूच फिरवून पाहिलं. मग तिला गुरुवार आठवला. पत्ते खोचल्याचं आठवलं. बुचं लावल्याचं काही केल्या आठवेना.

तिने आधी नवऱ्याला फोन लावला. भुपेंद्र भाडं घेऊन नागपूरला होता.

"तुम्ही चाकं बसवली तवा भोकात रंग होता का?"

"होता ना. मले वाटलं, नवीन डिझाइन असंन."

"अहो, बुचंच नाई लावली मी. नट रंगावर बसले आहेत."

मग भुपेंद्र म्हणाला, "घट्ट कसले आहेत मी. काही होत नाई. अन् हे पाय, सरांले असं सांगू नोको. लाखांदूरले पोचल्यावर एकदा दुकानातून पाना मारून घ्या म्हण, बस. चूक झाली म्हणशीन तर उद्या कोण आणन आपल्याकडे चाकं?"

लाखांदूर पंच्याहत्तर किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत काय होईल हे तिला माहीत नव्हतं. तिने सरांचा नंबर लावला. लागेना. पुन्हा लावला. तीच रेकॉर्ड वाजली. कुंताबाई विचारत होती काय झालं म्हणून, पण ती नंबरच लावत राहिली. सात वेळा लावून झाल्यावर तिला तो रंगाचा फोटो आठवला. तो सरांच्या नाही, खुशबूच्या नंबरवरून आला होता.

हा फोन लागला.

"ताई, मी उर्वशी. कारध्याची, चाकांवाली. गाडी कुठं आहे आता?"

"अड्याळ गेलं मागे. काहून? आमचं काही राहिलं का तिथं?"

त्या क्षणी नवऱ्याने सांगितलेलं वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. खुशबूच्या मागे लहान मुलगी खिदळत होती. उर्वशी म्हणाली, "सरांले सांगा, गाडी हळूहळू बाजूले घ्या. जोरात ब्रेक नका मारू. चाकाचे नट ढिले पडले असतील. चूक माझी आहे."

फोन सरांकडे गेला. "ताई, गाडी मस्त चालून राहिली आहे. थोडा आवाज येते, पण तो रस्त्याचा आहे."

"कोणत्या बाजूनं येते?"

सरांनी काच खाली केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "डावीकडून. पुढून."

"थांबवा सर. आत्ताच."

तिने फोन कानाला इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली, मग दार उघडल्याचा आवाज. कोणीतरी म्हातारं माणूस विचारत होतं, काय झालं रे सचिन. डिकीतून लग्नाच्या पिशव्या बाहेर काढल्या जात होत्या, कारण पाना सगळ्यांच्या खाली होता. एक ट्रक मोठ्याने हॉर्न वाजवत गेला. उर्वशी मनात अंक मोजू लागली. साठच्या पुढे ती गोंधळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"ताई." सरांचा आवाज बदलला होता. "पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट हातानंच फिरले."

ती फोन तसाच धरून जॅक शोधू लागली.

"बाकीचे मी घट्ट करतो अन् निघतो. साडेबाराचं लग्न आहे."

"नाई सर. घट्ट करून काही होत नाई. रंग दबला की पुन्हा ढिले होतील. गाडी हलवू नका, मी येऊन राहिली."

जॅक, पाने, कानस आणि घासकागद पिशवीत भरून ती स्कूटीवर बसली. "एकटी जाशीन?" कुंताबाईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पाण्याची बाटली पिशवीत घातली.

पुलावरून भंडारा आणि तिथून पवनीचा रस्ता. तीस किलोमीटर तिने कधी स्कूटी चालवली नव्हती. रस्त्यात समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकांकडे तिचं लक्ष जात होतं. ते चाक निघालं असतं तर, आणि त्यावेळी समोरून ट्रक आला असता तर, एवढाच विचार पुन्हा पुन्हा. त्यातच दुसरा विचार घुसला. दोन वर्षांत किती गाड्या केल्या? त्यातल्या किती वेळा अशी घाई होती?

गाडी मोहाच्या झाडाखाली उभी होती. सरांची आई निर्मलाबाई सतरंजीवर बसली होती, जरीचं लुगडं सावरून, नात मांडीवर घेऊन. उर्वशीने हात जोडले. निर्मलाबाईने जोडले नाहीत.

"माह्या भावाच्या पोराचं लग्न आहे," ती म्हणाली. "आत्यानं अक्षता टाकायच्या होत्या."

उर्वशीने खाली बसून जॅक लावला. एकेक चाक काढायचं, आडवं ठेवायचं, प्रत्येक भोकातला रंग खरवडून आतला पांढरा धातू उघडा करायचा, मागची बाजूही साफ करायची. चार चाकं, सोळा भोकं. ऊन डोक्यावर चढलं. आपलाच गुळगुळीत, चकाकता रंग कानशीखाली पापुद्र्यासारखा उडत होता. सर जवळ उभे राहून फक्त घड्याळ बघत होते. ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दुसरं चाक चालू असताना एक नट घरंगळत मातीत गेला. तिने तो पुसला, पुन्हा ठेवला, दुसरा घरंगळला. तेव्हा निर्मलाबाई उठली, नातीला सुनेकडे दिलं आणि पदर पसरून जवळ येऊन बसली.

"इकडे दे. मातीत नोको पाडू."

पुढचे सगळे नट त्या जरीच्या पदरात पडले. काळा डाग पडेल, असं उर्वशीने म्हटलं. "पडू दे," निर्मलाबाई म्हणाली, अजूनही रागातच. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तू फोन नसता केला तर आम्हाले समजलं असतं का?"

"चाक हलायला लागल्यावर समजलं असतं, आई."

म्हातारीने पुढच्या नटासाठी पदर पुढे केला.

निघायला एक वाजून गेला. उर्वशी स्कूटीवर त्यांच्या मागोमाग पवनीपर्यंत गेली. तिथल्या टायरच्या दुकानात सगळे नट पुन्हा तपासून घेतले. एकही हलला नाही. सर म्हणाले, "आता जा तुम्ही, ताई," आणि गाडी पुढे गेली. अक्षता चुकल्या, जेवणाच्या पंगतीला ती मंडळी पोचली. संध्याकाळी खुशबूचा फोन आला, पोचलो, गाडी ठीक आहे. फोन एवढाच होता.

भुपेंद्र दोन दिवस नीट बोलला नाही. तिने त्याची वाट पाहिली नाही. रविवारी सकाळी फोनमधले नंबर काढून आधीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावला: एकदा नट तपासून घ्या, माझ्याकडे आणलं तर मी करून देते. बहुतेकांनी हो हो म्हटलं. एकजण हसला. एकाने "काम जमत नाई तर करता कायले?" असं विचारून फोन ठेवला. नऊ गाड्या आल्या. नऊही गाड्यांची भोकं साफ होती. तरी एका गाडीची काळजी तिच्या डोक्यातून गेली नाही, कारण तिचा मालक फोनच उचलत नव्हता. चौथ्या दिवशी त्याने उचलला. गाडी त्याने केव्हाच विकली होती.

महिनाभर छपराखाली नवं चाक आलं नाही. जानेवारीत भंडाऱ्याहून एक माणूस आला आणि दारातूनच विचारलं, "नटाचा फोन करणाऱ्या बाई तुम्हीच का?"

तो चेष्टेने विचारतो आहे की भरवशाने, तिला कळेना. "मीच," ती म्हणाली. "पण काम झाल्यावर पन्नास किलोमीटर चालवून गाडी परत आणावी लागन. नाई आणली तर मी फोन करत राहीन."

"आणतो ना," तो म्हणाला आणि डिकी उघडली.

त्याने गाडी नेली सोमवारी. परत आणली शुक्रवारी. मधले चार दिवस उर्वशीला जेवण गोड लागलं नाही.