काकांनी पुसलेला राम राम

गेल्या रविवारी औंढ्याला पूजाची हळद होती. पूजा माझी मावसबहीण. मावशी दोन वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे मांडवात सगळं होतं आणि तरी ज्याचे त्याचे डोळे भरून येत होते...

मावशीचा गळा असा की सिद्धेश्वर धरणाच्या आसपास कुणाचीही हळद असो, पहिलं गाणं तिचंच. तिला माईक लागायचा नाही. आणि आज तिच्याच लेकीच्या हळदीला गाणं म्हणायला ती नव्हती.

बायका जमल्या, पूजा पाटावर बसली. तेवढ्यात काका, म्हणजे मावशीचे यजमान, सदऱ्याच्या खिशातून पेनड्राइव्ह काढून साउंडवाल्याकडे गेले. चेहऱ्यावर इतकी खुशी की मला वाटलं, यांनी काहीतरी भारी ठरवलेलं दिसतंय.

साउंडवाल्याने पेनड्राइव्ह लावला... काहीच वाजलं नाही. काढून पुन्हा लावला. "काका, याच्यात गाणंच न्हाई."

"असं कसं? घरी तर बराबर वाजून राहिलं होतं!"

मी धावले. हिंगोलीत मी कॉम्प्युटर क्लास घेते, तेव्हा असल्या वेळी सगळे माझ्याकडेच बघतात. फाइल बघितली आणि घोटाळा लक्षात आला.

दिवाळीत काकांच्या कॉम्प्युटरवर मीच एक सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. आवाज कापायचं, जोडायचं. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं, फुकट, कुणीही वापरावं असं. काकांनी नातेवाइकांच्या मोबाइलमधून मावशीची गाणी गोळा केली होती... मधला गोंगाट, शेळ्यांचं ओरडणं, सगळं कापून एक अख्खं गाणं जुळवलं होतं. कुणाला पत्ता लागू दिला नाही, मलासुद्धा नाही.

फक्त शेवटी नुसतं 'सेव्ह' केलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह केलेली फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. साउंडवर वाजणारं गाणं हवं असेल तर वेगळं बटण दाबावं लागतं.

ते सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर, घर तिकडे धरणाजवळ आणि इकडे मुहूर्त डोक्यावर. साउंडवाल्याने कुठलंतरी सिनेमातलं गाणं लावून दिलं आणि हळद लागली. पूजा मान खाली घालून बसली होती, आणि खरं काय वाजणार होतं हे तिला कुणी सांगितलं नाही.

मी काकांना बाजूला घेतलं आणि चिडलेच. आम्ही काही जण त्या सॉफ्टवेअरसाठी मराठीत मदतीचा एक ग्रुप चालवतो. काही अडलं तर इथे विचारा म्हणून त्याची लिंक मीच काकांना दिली होती. मग काहून नाही विचारलं?

काका हळूच म्हणाले, "गेलतो गं इचारायला. राम राम घातला. मंग तिथले नियम वाचले. नुसता नमस्कार घालू नका, लोकायचा वेळ जातो, असं लिव्हलेलं. म्या लगेच पुसून टाकला."

"अहो, मग प्रश्न तरी विचारायचा!"

"वळख ना पाळख... राम राम बी न घालता एकदम कामाचं कसं बोलावं? म्हनलं, मोठी मान्सं हाईत, काहून तकलीफ द्यावी."

ते नियम इंग्रजीतून मराठीत मीच आणलेत. शब्दन् शब्द. तेव्हा इथेच, माझ्या वॉलवर, पोस्ट टाकली होती, 'आता साध्या माणसासाठीही दार उघडलं' वगैरे... तुम्ही सगळ्यांनी कौतुकही केलं होतं.

त्या नियमाला कारण आहे, नाही असं नाही. लोक 'हाय' टाकून गायब होतात, मदत करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. पण आपल्या वारंगा फाट्यावर जीप कधी सुटणार एवढं विचारायचं तरी आधी राम राम होतो, 'कुठले पाव्हणे' होतं, मग कामाचं. मी इथलीच ना? शब्द तेवढे मराठी केले आणि रीत परक्यांचीच ठेवली.

ग्रुप मागे मागे सरकवत गेले. सापडला... काकांचा नंबर, आणि त्याखाली 'हा मेसेज डिलीट केला आहे'. कुणीतरी त्यावर हसणारा चेहरा टाकला होता. पुढे आमच्याच गप्पा, नव्या व्हर्जनमध्ये काय काय आलं त्याच्या.

लग्न लागलं, पूजा सासरी गेली. नंतर मी काकांच्या घरी जाऊन ते बटण दाबलं. दोन मिनिटांचं काम हो! मावशीचा आवाज घरभर झाला आणि काका दाराला टेकून ऐकत राहिले. गाणं संपल्यावर म्हणाले, "पोरगी गेली अन् आवाज आला."

गाणं पूजाला पाठवलं. तिचा फोन आला, नुसती रडत होती. मीही रडले. फार वाईट वाटतंय मला... हळद काही पुन्हा लागत नाही.

ग्रुपचा तो नियम मी काढला. आता पहिली ओळ अशी आहे: 'राम राम. निवांत बसा, मग सांगा काय अडलंय.' ते बटण कुठे असतं, हेही तिथेच वरती लिहिलंय. दोघा-तिघांनी नाक मुरडलं. मुरडू दे.

काल कुणीतरी ग्रुपवर नुसतं 'नमस्कार' लिहिलं, तर आम्ही सगळ्यांनी भराभर राम राम घातला. इतकं बरं वाटलं की लगेच काकांना फोन लावला. म्हटलं, काका, आता या ग्रुपवर... कितीही वेळा राम राम घाला.

काका हसले. म्हणाले, "आता काय इचारू बाई? इचारायचं तेवढं एकच होतं."