लांब पडलेला ठिपका

आज पारनेरच्या पठारावर होतो. तिथं पवनचक्क्या चालतील का, हे ठरवायला आम्ही वर्षभर वारा मोजतो आणि कुठला वेग किती वेळा आला याचा आलेख काढतो.

अक्षयतृतीयेच्या संध्याकाळचा एक ठिपका सगळ्यांपासून फार लांब पडला होता. यंत्राची चूक समजून खोडणारच होतो. आधी वारा मोजायच्या मनोऱ्याजवळ राहणाऱ्या मावशींना विचारलं, अक्षयतृतीयेला संध्याकाळी जोराचा वारा होता का?

“व्हय. तवाच आमचं छप्पर उडालं. पत्रा पोरांच्या वडलांच्या मानेवर बसला. जाग्यावरच गेलं ते.”



एवढ्या वाऱ्यात पवनचक्की आपोआप बंद होते. विजेच्या हिशेबाला तो ठिपका नसला तरी चालतो. मी ठेवलाय. उद्या साहेब विचारतील, कशाला? काय सांगू, तुम्हीच सांगा.