फाटकावरचे चाकाचे बैल

"हे झाडं होय का छत्र्या?" माह्या कामावरचे मिस्त्री मले विचारून राहिले होते.

"संत्र्याचे झाडं होय, मिस्त्री."

"मंग अख्खी मालगाडी त्यायच्या खालून कशी जाते?"

खरं होतं. टेबलावरच्या खेळण्यातल्या रेल्वेसाठी ते झाडं म्या डोळ्यानं मोजून बनवले होते, अन् माहे डोळे लहानपणापासून वाढवूनच मोजतात.

मी नागपुरात रेल्वेच्या कारखान्यात सुतार होतो, पण टेम्परवारी. म्हंजे साहेबाच्या मनात आलं तं उद्यापासून घरी. शाळेत मी एकदाच गेलो, बाकाचा पाय बसवाले. फाटकवाल्यायले काम शिकवाची एक खोली होती. तिथं लांब टेबलावर टिनाचे रूळ, चावीचं इंजिन, एक सिग्नल, एक फाटक. पण खेड्यातून आलेले लोकं पाहेत अन् म्हणेत, "बाबू, हा तं टेबल हाय." रस्ता कोणता अन् लाइन कोणती, त्यायले समजेच नाही. म्हणून मोठ्या साहेबानं हुकूम काढला, लाइनीच्या बाजूचं सारं खऱ्यासारखं दिसलं पाहिजे. मिस्त्रीनं माहं नाव देलं.

"साहेबानं पास केलं तं तू पक्का," मिस्त्री म्हणाले. "नाही केलं तं घरचा रस्ता तुले माहीत हाय."

झाडं छाटले. संत्रे म्हणून मोहरीचे दाणे रंगवले अन् गुळाच्या पाकानं चिकटवले. पहिली फसल मुंग्यायनं नेली. दुसऱ्या खेपेले डिंक वापरला. तारेच्या खांबायले घोड्याच्या शेपटीचे केस ताणले. केस उपटाले गेलो तं टांग्याच्या घोड्यानं लात देली, पण तार मात्र झकास दिसली.

मंग गिट्टी. गिट्टी म्हंजे रुळाखालचे दगड. काळा दगड कुटला अन् बायकोच्या चाळणीनं चाळला. रात्री जेवताना ती थांबली.

"अवो, ही भाकर होय का लाइन?"

माह्याही दाताखाली तेच होतं.

गिट्टी टाकली, साफसूफ केली, मिस्त्रीले दाखवली. ते म्हणाले, "हे देवघर होय का गा? इथून रोज इंजिन जाते." तवा मले समजलं, खरं दिसाले घाण लागते. म्या मधात कोळशाची राख टाकली, तेलाचे डाग पाडले, रुळाच्या कडेले गंजाचा रंग देला. दूर उभं राहून पाहिलं तं मलेच वाटलं, बाजूले व्हावं, गाडी येईन.

शेवटी फाटकाजवळ बैलबंडी ठेवाची होती. हे तं माह्या घरचं काम. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असते. लहान पोरं लाकडाचे बैल दोरीनं ओढत नेतात, अन् असे बैल माह्या बापानं अन् म्या जन्मभर बनवले. बैल असे उतरले का आता हंबरतीन. साहेब येणार त्या दिवशी सकाळी मिस्त्री खाली वाकले.

"बैलायच्या पायाले चाकं काहून?"

म्या पाहिलं. चारही पायाले चाकं. तान्ह्या पोळ्याच्या बैलाले ओढाले चाकं लागतात, तसेच हातानं लावून टाकले होते. डोक्याले विचारलं नव्हतं.

"काढ."

पण साहेबाचे बूट जिन्यावर वाजून राहिले होते. म्या हिरवा रंगवलेला भुसा घेतला अन् चाकायवर गवत म्हणून टाकला.

साहेबानं वाकून गिट्टी पाहिली, बगिचा पाहिला, मान हलवली. मंग शिकवणाऱ्या बाबूले म्हणाला, "चलाओ."

इथं एक नियम सांगतो. पहिले फाटक लावाचं, मंग सिग्नल पाडाचा, म्हंजे त्याचा हात खाली करून गाडीले वाट द्याची, मंग गाडी येईन. बाबू हे रोज ओरडून शिकवे. पण त्या दिवशी त्याचं सारं ध्यान साहेबाकडं. त्यानं चावी भरली, सिग्नल पाडला, इंजिन सोडलं. टेबल हालाले लागला. तो टेबलही आधी म्याच बनवला होता, म्हणून त्याचा एक पाय आखूड होता. बैल गवतातून निघाले. बंडी घेऊन, उघड्या फाटकातून, सावकाश लाइनीवर गेले. इंजिन धडकलं अन् माह्या संत्र्याच्या बगिच्यात उलटं पडलं. इंजिनाचे चाकं फिरूनच राहिले होते.

मिस्त्री माह्याकडं पाहेनात.

"बैल किसका?" साहेबानं विचारलं.

"मेरा, साहेब." मनात म्या औजाराची पेटी बांधली होती.

"और फाटक किसका?"

आता बाबू आपल्या बुटाकडं पाहाले लागला.

साहेबानं बंडी उचलली, चाकं फिरवून पाहिले अन् वापस तिथंच ठेवली. "चक्का रहने दो. ये बैल अच्छा सिखाता है."

मी पक्का झालो. चुकीनं झालो, पण पक्का. मंग जो येई त्याची परीक्षा त्याच टेबलावर. फाटक विसरला तं बैल लाइनीवर, अन् माणूस नापास. टेबलाच्या आखूड पायाखाली पाचर लावू देली नाही साहेबानं. माह्या चुकीच्या कामाची एवढी राखण कोणी केली नसन.

बऱ्याच वर्षानं साळ्याच्या, म्हंजे बायकोच्या भावाच्या, बैलबंडीत बसून कळमेश्वरले लग्नाले चाललो होतो. मधात फाटक बंद. लाइन दोन्हीकडं मोकळी.

"गाडी कुठं दिसून राहिली गा? उघड नं," मी म्हणलो.

"येऊन राहिली, मामा," फाटकवाला म्हणाला.

"दोन बैलायले लाइन पार कराले किती वेळ लागते?"

"बैलाचा भरोसा नाही. मले नागपूरच्या टेबलावर बैलायनंच नापास केलं होतं एकदा."

माही छाती फुगली. "ते बैल म्या बनवले."

त्यानं मले वरून खालपर्यंत पाहिलं. "मंग तं तुमाले माहीतच हाय," म्हणाला, अन् फाटकाची साखळी अजून एकदा ओढून पाहिली.

साळा माह्यावर चिडला. तिकडं लग्न लागलं तवा आम्ही फाटकावरच होतो. काम चांगलं उतरलं का ते बनवणाऱ्यालेही अडवते, एवढं समजलं. पण एवढ्या खुशीत मी कोणाच्याच लग्नाले उशिरा गेलो नाही.