सुनेच्या हातच्या दोन कॅप

माझी सून दातांची डॉक्टर आहे. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्यांदा म्हटलंय की आमचे हे म्हणतात, आता दारावरच्या पाटीवरच लिहून टाक. तिने मानपाड्याला स्वतःचा दवाखाना काढला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी जाऊन खुर्चीत बसले. उजवीकडच्या खालच्या दोन दाढा कधीपासून किडलेल्या होत्या. तिने दोन्हींचं रूट कॅनल केलं आणि वर कॅप बसवल्या, आतून धातूच्या, बाहेरून अगदी दातासारख्या. काय हलका हात बाई तिचा! इंजेक्शनची सुई कधी टोचली ते कळलंसुद्धा नाही. आमच्या भजनी मंडळातल्या बायकांना मी त्या कॅप तोंड उघडून उघडून दाखवल्या.

पंधरा दिवसांनी त्या कॅपांच्या बाजूची हिरडी दुखायला लागली.

दुखायला लागली म्हणजे कशी, हेच मला आजही धड सांगता येत नाही. दाढेसारखं ठणकणं नव्हतं ते. आतल्या बाजूला, कॅप जिथे हिरडीत शिरते ना, तिथे सारखं काहीतरी हुळहुळायचं. जीभ आपोआप तिकडे जायची. ब्रश लागला की रक्त, गरम चहा लागला की झिणझिण. कधी वाटायचं शेंगदाण्याचं साल अडकलंय. आरशापुढे उभी राहून गाल ओढून बघायचे, तर काही नाही. चांगली गुलाबी हिरडी. मग मलाच प्रश्न पडायचा, दुखतंय ना नक्की?

तुम्ही म्हणाल, घरातच डॉक्टर, मग सांगायचं की तिला. आमचे हेही तेच म्हणाले. यांना काय कळतंय कपाळ! अहो, सुनेने केलेल्या कामात सासूने दुखणं काढायचं? ते कितीही खरं असलं तरी टोमणाच वाटणार. माझ्या सासूबाई जेवायला बसल्या की पहिल्या घासाआधी एक सुस्कारा टाकायच्या. आमटी चांगली झालेली असो नाहीतर बिघडलेली, सुस्कारा ठरलेला. त्या सुस्काऱ्याने माझी पहिली दहा वर्षं खाल्ली. तेव्हाच मी ठरवलेलं, आपल्याला सून येईल तेव्हा तिच्या हातच्या कशालाही नाव ठेवायचं नाही. त्यात हिचा दवाखाना नवा. ज्या दिवशी पेशंट यायचे त्या दिवशी पोरगी गुणगुणत घरात शिरायची, नाही आले की पर्स मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला बसून राहायची. अशा मुलीला मी जाऊन सांगू, की बाई, तुझ्या पहिल्या कॅपच बिघडल्या? माझ्याने नाही झालं ते.

ती मात्र दर आठवड्याला विचारायची, "आई, कॅप कशा आहेत? काही त्रास नाही ना?"

"छे गं! बसवल्यात हे विसरूनसुद्धा गेले मी."

ती हसायची. मला बरं वाटायचं, आणि जीभ परत हिरडीवर.

मी डावीकडून चावायला लागले. चकली चहात बुडवून खायचे, ह्यांना वाटलं दातांपेक्षा डोक्यावर परिणाम झालाय. मग एक भलतीच गोष्ट घडली. सून चार दिवस साताऱ्याला माहेरी गेली आणि माझी हिरडी गप्प झाली. एकदम गप्प! ब्रश केला, रक्त नाही. चहा प्यायले, झिणझिण नाही. ती परत आली आणि दोन दिवसांत पुन्हा सगळं सुरू. मी हादरलेच. म्हणजे ही हिरडी दुखतेय, की माझ्या आत बसलेली सासू? तोंडाने नावं ठेवायची नाहीत म्हटलं तर दाढेतून ठेवायला लागली की काय? मला स्वतःचीच भीती वाटली, खरंच सांगते. ते चार दिवस आम्ही दोघं नुसत्या मऊ खिचडीवर काढलेले, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि आलं असतं तरी त्याचाच परिणाम, असं आज छातीठोक कुठे सांगता येतंय?

शेवटी "कोपरीला भावाकडे जाऊन येते" असं सांगून मी निघाले आणि आधी माजिवड्याला एका अनोळखी दवाखान्यात शिरले. डॉक्टर तरुण होता. त्याने एक्स-रे काढला, दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "हे कोणी केलंय?"

त्या "कोणी"मध्ये काय होतं कोण जाणे, माझं टाळकंच फिरलं.

"का? काय वाईट आहे त्यात?"

"कॅपची कड हिरडीच्या जरा जास्तच खाली गेलीय, मावशी. दोन्ही काढून नव्याने बसवाव्या लागतील."

"काही नको! चांगलं काम केलंय त्यांनी. तुम्हीच नीट बघा," असं म्हणून मी एक्स-रे घेऊन तरातरा बाहेर आले. रिक्षात बसल्यावर माझं मलाच हसू आलं. ज्याची तक्रार घेऊन गेलेले, त्याचीच वकिली करून आले. त्या मुलाचं काय चुकलं होतं हो?

कोपरीला भावजयीला सगळं सांगितलं. ती मला त्यांच्या इमारतीखालच्या जुन्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तोच एक्स-रे उजेडात धरला, आरसा घालून तोंडात बघितलं आणि म्हणाले, "कॅप उत्तम बसल्यात. तुम्ही दात घासता की पितळेची भांडी?" मऊ ब्रश वापरा, मिठाच्या पाण्याने चुळा भरा, काहींच्या हिरड्यांना वेळ लागतो, बस्स. मी त्यांना परत विचारलं, कड खाली गेलीय का? ते म्हणाले, असते तेवढी.

आता कोणाचं खरं मानायचं? फोटो तोच, दाढा त्याच. एक म्हणतो काढा, दुसरे म्हणतात उत्तम. भावजयीने त्यात लवंगेचं तेल लावलेला बोळा हिरडीवर दाबून ठेवायला सांगितला. मी बावळटासारखा तो तासभर ठेवला. मऊ कातडी पोळली ती पोळलीच, वर आता मूळचं दुखणं कुठलं आणि लवंगेचं कुठलं, हेही कळेना. आठवडाभर मी सुनेसमोर ओठ मिटून हसत होते.

असे सहा महिने गेले.

एका दुपारी मी नेहमीसारखी सुनेचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. खुर्चीत आमच्या बी विंगमधल्या वहिनी होत्या, भजनी मंडळातल्या. मीच कौतुक करकरून पाठवलेल्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीही एक कॅप बसवून घेतलेली. बाई इतक्या भिडस्त की रिक्षावाला चुकीच्या गल्लीत शिरला तरी उतरेपर्यंत बोलायच्या नाहीत. त्या अगदी हळू आवाजात सांगत होत्या, "दुखतं म्हणजे तसं दुखत नाही गं. काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. जीभ सारखी तिथे जाते. ब्रश केला की रक्त येतं."

मी डबा हातात धरून दारातच उभी राहिले. माझंच दुखणं दुसरी बाई शब्द न् शब्द सांगत होती! मला रडावं की नाचावं कळेना. दुखत होतं तर! म्हणजे मी वेडी नव्हते, सासूबिसू काही नव्हतं, दुखत होतं!

सुनेने एक्स-रे बघितला, पुन्हा बघितला. मग ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी गोड आवाजात म्हणाली, "काकू, यात मला काही दिसत नाहीये. आणि माझ्या सासूबाईंच्या कॅप याच लॅबमधून आल्यात, मीच बसवल्यात. सहा महिने झाले, त्यांना एक दिवस त्रास नाही. हो ना आई? तुम्ही उगाच तिकडे लक्ष देताय, म्हणून तसं वाटतं."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. आणि मग ओशाळून, स्वतःचीच चूक असल्यासारख्या म्हणाल्या, "असेल बाई. मनाचे खेळ असतील माझ्या." आणि उठायलाच लागल्या.

सुनेचं काय चुकलं? तिला मी जे सांगितलं तेच ती पुढे सांगत होती. माझा चांगुलपणा या बाईच्या दुखण्यावर दगड ठेवून मोकळा झाला होता.

"वहिनी, बसा," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. "माझंही दुखतंय. पहिल्या पंधरवड्यापासून. असंच, हेच."

सुनेने मास्क खाली घेतला. तिचा चेहरा मला वाटला होता तसा पडला नाही, लाल झाला.

"सहा महिने, आई? मी दर आठवड्याला विचारत होते."

"तुला वाईट वाटेल म्हणून गं..."

"तुमच्या जिवावर मी आणखी चौघांना त्याच लॅबच्या कॅप बसवल्यात. घरात मला सांभाळून घ्या, आई. इथे घेऊ नका."

तिने वहिनींना बाजूच्या स्टुलावर बसवलं आणि मला खुर्चीत यायला सांगितलं. मी विचारलं, नक्की काय झालं असेल? ती म्हणाली, कड असेल, आतलं सिमेंट राहिलं असेल, धातू सोसत नसेल, मला आत्ता सांगता येणार नाही. तिने दिवा ओढला, मी तोंड उघडलं. टोकदार सळईने ती हिरडी चाचपत मागे गेली आणि दुसऱ्या कॅपपाशी थांबून तिने दाबलं.

"इथे दुखतंय?"

माझ्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं आणि मान, सहा महिन्यांची सवय बघा, आपोआप "नाही" म्हणून हलली.

तिने हात काढून घेतला नाही. दिवाही हलवला नाही.

"परत विचारते," ती म्हणाली.