टाचणी आणि माझे चार पांढरे टॉवेल

माझ्या सुनेला सगळी गल्ली टाचणी म्हणते. नाव मीच ठेवलंय, उगाच कशाला खोटं बोलू? अंगाने एवढीशी, पण बोलली की बरोबर दुखऱ्या जागी टोचते. आमच्या लाँड्रीच्या दर्शनी भागात तिचं शिलाई मशीन आहे. मागे मी, माझी इस्त्री, धुलाईची दोन यंत्रं आणि कपडे तोलायचा वजनकाटा. मध्ये एक पडदा. त्या पडद्याआडून आम्ही दिवसभर एकमेकींशी भांडतो आणि गिऱ्हाइकं फुकटात ऐकतात.

तिची एक खोड आहे. अंदाजाने काही करायचं नाही. बाईने जुना ब्लाउज टाकला आणि म्हणाली, "याच्याच मापाचा शिव," तरी ही उठून टेप लावणार. "गेल्या वर्षीचं माप गेल्या वर्षीच्या अंगाचं," म्हणणार. गिऱ्हाईक चिडतं, पण दुसऱ्यांदा इथेच येतं.

तर ही टाचणी दुसऱ्यांदा गरोदर राहिली आणि घरात आनंदीआनंद झाला. फक्त मी पेढे आणू दिले नाहीत.

कारण पहिल्या वेळी, आमची बटण झाली तेव्हा, टाचणी जाता जाता राहिली होती. बटण म्हणजे माझी नात, आता चार वर्षांची, गोल आणि सारखी कुठेतरी हरवणारी. तिचा जन्म एका छोट्या दवाखान्यात झाला. बाळ ठणठणीत, बाळंतीण हसतेय, मी पेढ्यासारखी गोड. आणि तासाभरात टाचणीची शुद्ध गेली. माझ्या लेकाने तिला कपडे पोचवायच्या गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात नेलं. रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. गर्भाशय आवळायला हवं होतं, ते सैल राहिलं, म्हणून रक्त वाहत गेलं, असं तिथे सांगितलं.

दुधाने तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून प्यावं. मी जाहीर केलं, "या वेळी सीझर! तारीख ठरवायची, टेबलावर जायचं, पोट उघडून बाळ बाहेर. सगळं डॉक्टरांच्या हातात."

लेकाने लगेच मान डोलावली. त्याची मान मला आणि बायकोला आलटून पालटून डोलते.

टाचणी म्हणाली, "आधी विचारू तरी."

मोठ्या रुग्णालयातली डॉक्टरीण तरुण होती, पण शांत. मी खुर्चीत बसायच्या आत म्हटलं, "सीझर लिहा." ती हसली. म्हणाली, "आजी, लिहिते, पण यांना हवं असेल तर. आधी ऐकून घ्या."

तिने सांगितलं की एकदा असा रक्तस्राव झाला की पुन्हा व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण बहुतेक जणींना पुन्हा होत नाही. सीझर केलं म्हणून तो टळतो असं नाही. उलट ऑपरेशनमध्ये साधारण जास्तच रक्त जातं, शिवाय टाके, शिवाय पुढच्या बाळंतपणाला जुन्या व्रणाची काळजी. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असती तर तिने स्वतःच सीझर सांगितलं असतं. पण सोनोग्राफीत वार वर होती, बाळ डोक्याकडून होतं. "दोन्ही वाटा मोकळ्या आहेत," ती म्हणाली. "नैसर्गिक झालं तरी इथेच व्हायला हवं. आधीपासून शिरेत सुई, बाळ बाहेर येताच गर्भाशय आवळायचं इंजेक्शन, रक्त तयार. आणि आत्तापासून लोहाच्या गोळ्या, म्हणजे अंगात रक्ताची शिल्लक राहील."

टाचणीने एकच प्रश्न विचारला. "किती रक्त गेलं ते कळतं कसं?"

"बऱ्याच ठिकाणी नजरेने. अंदाजे."

"अंदाजे?" टाचणी खुर्चीत ताठ झाली. "अंदाजाने मी बाहीसुद्धा कापत नाही!"

"म्हणूनच इथे आम्ही वजन करतो," डॉक्टरीण म्हणाली. "भिजलेल्या कापडाच्या वजनातून कोरड्याचं वजा. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. पाचशेला पोचलं की घंटा, मग सगळे धावतात."

घरी येता येता मी लेकाला विचारलं, आपला काटा ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाचणी बटणला आणायला शाळेत गेली. मी दुकानाचा अर्धा दरवाजा ओढला आणि चार पांढरे टॉवेल घेतले.

आता सांगतेच. पहिल्या बाळंतपणात दवाखान्याचे कपडे मला पसंत पडले नाहीत. मळकट, घडी वाकडी. मी घरून आपले टॉवेल नेले होते, कडक धुतलेले. टाचणीच्या अंगाखालचा टॉवेल भिजला की मी तो काढायचे, बादलीत टाकायचे, झाकण लावायचे आणि नवा अंथरायचे. डाग दिसला की नजरेआड करायचा, हीच तर माझी जन्मभराची सवय. सिस्टर यायची, पांढराशुभ्र टॉवेल बघायची आणि म्हणायची, "छान आहे." मीच म्हणायचे, "बाळंतपणात एवढं जायचंच."

मी माणसांचे चेहरे विसरेन, पण डाग विसरत नाही. कुठला टॉवेल कुठवर भिजला होता ते मला चार वर्षांनीही पाठ होतं. तेवढेच पाण्यात भिजवले आणि काट्यावर ठेवले. कोरडे बाराशे ग्रॅम, ओले सव्वीसशे.

चौदाशे! बाई गं, मी मटकन खालीच बसले. चौदाशे मी माझ्या हाताने बादलीत टाकले होते आणि वर झाकण लावलं होतं.

टाचणी आली तेव्हा मी तशीच जमिनीवर. तिने काटा बघितला, टॉवेल बघितले, बटणला हातात रिळांचा डबा देऊन पुढे बसवलं. मग माझ्याशेजारी बसली, पोट सांभाळत.

"मी केलं गं ते," मी म्हटलं. "मी झाकलं. म्हणून कुणाला कळलं नाही."

"मला माहीत होतं, आई."

"काय?"

"मी बघत होते. तुम्ही टॉवेल बदलत होता आणि मला सांगायचं होतं, की हे फार होतंय. पण तोंडातून आवाजच निघत नव्हता."

"आणि चार वर्षं तू बोलली नाहीस? तू? जी कॉलर अर्धं सूत वाकडी असली तर जगाला ओरडून सांगते ती?"

"बोलून काय झालं असतं? तुम्ही इस्त्री सोडून दिली असती, आणि दुकान कोणी बघायचं?" ती हसली, मग माझा हात धरला. "मला ऑपरेशन नकोय. पण भीती वाटते, खूप वाटते. बाळंतपणाला आत एकच माणूस सोडतात. तुम्ही या."

"मी? एवढं होऊन?"

"एवढं झालंय म्हणूनच. या वेळी तुम्ही चिंधीसुद्धा टाकू देणार नाही."

मी पदर डोळ्याला लावून रडले, चांगली भोकाड पसरून. बटण पडदा सारून आली आणि विचारायला लागली की आजीला कुणी मारलं.

पुढचे तीन महिने मी लोहाच्या गोळ्यांवर पहारा दिला. टाचणी मेटाकुटीला आली. "आई, गिळली! जीभ दाखवू का?" मी म्हणायचे, दाखव.

कळा सुरू झाल्या त्या भर सकाळी, एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप घेताना. टाचणीने छातीचं माप वहीत लिहून, टेप गुंडाळून मगच सांगितलं. रुग्णालयात आल्या आल्या सुई लागली. दोनच्या सुमाराला मुलगा झाला, गळा काढून रडत. लगेच इंजेक्शन दिलं. वार पडली. सगळे हसले. मी हसले नाही, मी खाली बघत होते.

एक नवी सिस्टर भिजलेलं कापड उचलून कचऱ्याच्या डब्याकडे वळली.

"खबरदार!" मी एवढ्या जोरात ओरडले की तिच्या हातून ते सुटलंच. "आधी काटा!"

मोठी सिस्टर म्हणाली, "बरोबर आहे आजींचं." कापड काट्यावर गेलं. तीनशे. दुसरं. चारशे चाळीस. तिसरं ठेवलं आणि आकडा पाचशेवर गेला. घंटा वाजली. डॉक्टरीण धावत आली, एकीने पोट चोळायला घेतलं, दुसरीने सुईतून आणखी औषध सोडलं. मी टाचणीच्या उशाशी उभी राहून आकडे मोठ्याने वाचत होते. पाचशे ऐंशी. सहाशे वीस. मग पुढचं कापड जवळजवळ कोरडंच निघालं. त्याच्या पुढचंही.

"थांबलं," डॉक्टरीण म्हणाली. तयार ठेवलेली रक्ताची पिशवी तशीच परत गेली.

मी दाराबाहेर डोकं काढलं. लेक भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक.

"आई! वजन किती?"

"सहाशे वीस!" मी आनंदाने ओरडले.

त्याने बाकच धरला. "सहाशे? एवढंसं बाळ?"

"मेल्या, बाळाचं कोण सांगतंय! बाळ तीन किलो शंभर आहे, घोड्यासारखं! मी बायकोचं सांगतेय!"

आणि तेवढ्यात आतून टाचणी हसली. दमलेली होती, पण खणखणीत, पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. वर ओरडलीसुद्धा, "आई, तीन किलो शंभर नक्की ना? की अंदाजे?"

गेल्या वेळी तिचा आवाज ऐकायला आम्ही दोन दिवस बसून होतो. मी दार धरून तिथेच उभी राहिले आणि म्हटलं, "नक्की गं बाई. मी दोनदा बघितलंय."