तोंडाला लावायचा धोटा

"यानं काही होत नाही, एवढंच सांगा," मॅनेजर माझ्या कानाशी पुटपुटले. फॅक्टरी इन्स्पेक्टर साळखात्यात शिरत होते. मी त्या मिलचा डॉक्टर.

साळखातं म्हणजे कापड विणायचं खातं. मागावर लाकडी धोटा इकडून तिकडं धावतो, त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत बाहेर ओढायचं. आमचे माग दोन पाळ्यांत चालत, म्हणजे एका धोट्याला दोघांची तोंडं. पहिल्या पाळीतल्या नरसय्याच्या थुंकीत मला क्षयाचे जंतू सापडले होते. त्याला भरपगारी रजा द्या म्हणालो, मॅनेजरांनी ऐकलं नाही. दुसऱ्या पाळीला त्याच मागावर सांगोल्याचा मारुती उभा राहायचा. तो अजून ठणठणीत होता आणि मला तो तसाच राहायला हवा होता.

हातानं सूत ओवायचे धोटे तेव्हा मिळत होते. तोंडाचे बंद करावेत का, याची सरकार चौकशी करत होतं.

"डॉक्टर, तुमचं मत?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"बंद करा. आजच."

मॅनेजर हसले. "कामगारांनाच विचारा की. काय रे मारुती?"

मारुतीनं माग थांबवला. "तोंडानं झटक्यात हुतंय, सायेब. हातानं लई येळ जातो. कापड कमी भरलं तर पगार कुटला?"

"ऐकलंत?" मॅनेजर माझ्याकडे वळले.

माझं डोकं फिरलं. "आधी दर वाढवा, मग विचारा त्याला!" मी मागावरचा धोटा उचलून मॅनेजरांच्या हातात दिला. "नरसय्या हाच तोंडाला लावतो. काही होत नाही ना? ओढा सूत."

आजूबाजूचे माग थांबले. मॅनेजरांनी खिशातून रुमाल काढला आणि धोट्याचं भोक घासून पुसलं.

"पुसता कशाला, साहेब?" मी विचारलं.

धोटा काही तोंडापर्यंत गेला नाही.

मारुती सगळं बघत होता. "मला बी हाताचाच द्या," तो म्हणाला. "न्हायतर म्या मागावर हुबा ऱ्हात न्हाय." शेजारच्या मागावरून आवाज आला, "मला बी."

नियमच नसल्यानं इन्स्पेक्टरांना हुकूम देता येईना. पण त्या रांगेला हाताचे धोटे मिळाले, आणि मला महिनाअखेर नारळ. नरसय्या वाचला नाही. ती चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

एखादी वस्तू निर्धोक आहे असं जो सांगेल, त्याला ती सगळ्यांसमोर वापरायला लावावी. सरकारला मी हे बऱ्याचदा कळवलं. उत्तर येत नाही, तरी कळवतो.